आकडा कोणत्या रकान्यातला? राज्य आणि स्थानिक संस्थांचा कारभार खुल्या माहितीतून वाचण्याची रीत

मुंबई महानगरपालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७.४१ कोटी रुपयांचे होते. आदल्या वर्षापेक्षा ते १४.१९ टक्क्यांनी जास्त असल्याचे सांगितले गेले. पण २०२४-२५ चे अंदाजपत्रक मांडले तेव्हा ते ५९,९५४.७५ कोटींचे होते. त्याच्याशी तुलना केली तर वाढ २४ टक्क्यांवर जाते. गणित दोन्ही ठिकाणी बरोबर आहे. १४ टक्के निघतात सुधारित अंदाजाच्या, म्हणजे ६५,१८०.७९ कोटींच्या तुलनेत. २४ टक्के निघतात मूळ अंदाजाच्या तुलनेत. आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे या दोन्ही टक्केवाऱ्यांतून कळत नाही.

राज्य सरकार, महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांची माहिती आज घरबसल्या मिळते. ती वाचताना जी चूक सगळ्यात जास्त वेळा होते ती हीच: वेगवेगळ्या जातीचे दोन आकडे शेजारी ठेवले जातात. पुढे जे सांगितले आहे ते सगळे ही चूक टाळण्यासाठी आहे. उदाहरणे महाराष्ट्रातली आहेत, पण लेखाशीर्षांची, म्हणजे सरकारी हिशेबातल्या सदरांच्या क्रमांकांची, रचना देशभर एकच असल्याने पद्धत इतर राज्यांनाही लागू पडते.

आधी प्रश्न, मग माहिती

‘आमच्या जिल्ह्यात आरोग्याची काय स्थिती आहे’ हा प्रश्न आकड्यांना विचारता येत नाही. ‘२०१४-१५ पासून राज्याचा आरोग्यावरचा महसुली खर्च महागाई वजा जाता दरडोई वाढला का’ हा विचारता येतो. प्रश्नात चार गोष्टी नक्की करा: संस्था कोणती, बाब कोणती, वर्षे कोणती आणि मोजमाप कशात. कालावधी किमान सात-आठ वर्षांचा घ्या. तीन वर्षांत दिसतो तो चढउतार. त्याला कल म्हणणे घाईचे ठरते. त्यातही २०२०-२१ हे पहिले वर्ष म्हणून कधीही घेऊ नका. टाळेबंदीमुळे त्या वर्षी बहुतेक करांचे उत्पन्न पडले होते, त्यामुळे तिथून मोजलेली कोणतीही वाढ भरघोस दिसते.

राज्याचा अर्थसंकल्प: चार रकाने

वित्त विभागाच्या संकेतस्थळावर दरवर्षीची अर्थसंकल्पीय प्रकाशने असतात. भाषण बाजूला ठेवा. भाषणात घोषणा असतात, वर्षावर्षाची तुलना नसते. सुरुवात ‘अर्थसंकल्प संक्षेपात’ या पुस्तिकेने करा आणि मग विभागवार मागण्यांच्या, म्हणजे विधिमंडळाकडे मागितलेल्या खर्चमंजुरीच्या, पुस्तकांत शिरा.

तिथे प्रत्येक बाबीसमोर चार रकाने दिसतील. २०२५-२६ च्या पुस्तकात ते असे असतात: २०२३-२४ च्या प्रत्यक्ष रकमा, २०२४-२५ चा अर्थसंकल्पीय अंदाज, २०२४-२५ चा सुधारित अंदाज आणि २०२५-२६ चा अर्थसंकल्पीय अंदाज. यांतला फक्त पहिला रकाना झालेल्या खर्चाचा आहे. सुधारित अंदाज वर्ष संपण्याआधीच तयार होतो. मार्चमध्ये काय घडेल याचा तर्क त्यात मिसळलेला असतो. शेवटचा रकाना म्हणजे सरकारचा इरादा.

इराद्याला महत्त्व नाही असे नाही. २०२५-२६ साठी राज्याने ५,६०,९६४ कोटी महसुली जमा आणि ६,०६,८५५ कोटी महसुली खर्च, म्हणजे ४५,८९१ कोटींची महसुली तूट धरली होती. पैसा कुठे न्यायचा आहे हे यातून कळते. पण कल काढायचा तो पहिल्या रकान्यावरूनच. म्हणजे प्रत्येक वर्षासाठी दोन वर्षांनंतरचे पुस्तक उघडावे लागते. २०१४-१५ ते २०२३-२४ या दहा वर्षांसाठी २०१६-१७ ते २०२५-२६ अशी दहा पुस्तके लागतील. काम कंटाळवाणे आहे, तरी ते एकदाच करायचे असते.

अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली तफावतही स्वतंत्रपणे नोंदवा. एखाद्या विभागात दरवर्षी तरतुदीच्या ७० टक्केच रक्कम खर्च होत असेल, तर पुढच्या वर्षीच्या वाढीव तरतुदीची बातमी किती मनावर घ्यायची ते तुम्हाला आपोआप कळते. अनेक विषयांत खर्चापेक्षा ही तफावतच जास्त बोलकी असते.

पुरवणी मागण्यांनी इथे एक गुंता होतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ खाली सरकार वर्षात मध्येच जादा रक्कम मागू शकते. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात एकाच अधिवेशनात सुमारे ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मार्चमधल्या अंदाजाच्या रकान्यात त्या नसतात. म्हणून खर्च मूळ तरतुदीच्या १२० टक्के झालेला दिसला तर लगेच ‘उधळपट्टी’ लिहू नका. आधी पुरवणीची रक्कम मूळ तरतुदीत मिळवा. त्याच वर्षी फेब्रुवारीत अंतरिम आणि जूनअखेरीस अतिरिक्त असे दोनदा अर्थसंकल्प मांडले गेले, हेही ध्यानात असू द्या. उतरवलेली फाइल कोणत्या महिन्यातली आहे ते तिच्या नावात लिहून ठेवा.

लेखाशीर्ष

सरकारी खर्चाचा पत्ता म्हणजे लेखाशीर्ष. त्यातले पहिले चार अंक प्रधान शीर्षाचे आणि त्यातला पहिला अंक खर्चाची जात सांगतो. ० आणि १ म्हणजे महसुली जमा, २ आणि ३ म्हणजे महसुली (वेतन, औषधे असा रोजचा) खर्च, ४ आणि ५ म्हणजे भांडवली खर्च, ६ आणि ७ म्हणजे कर्जे व आगाऊ रकमा, ८ म्हणजे मुख्यतः लोकलेखा, म्हणजे सरकारकडे ठेवीसारखा असलेला इतरांचा पैसा. २२१० हे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. त्यात २००० मिळवले की ४२१० म्हणजे आरोग्यावरचा भांडवली खर्च: रुग्णालयाची इमारत, मोठी यंत्रे. याच हिशेबाने २२०२ सर्वसाधारण शिक्षण आणि ४२०२ त्याचा भांडवली जोडीदार. २२१५ पाणीपुरवठा व स्वच्छता आणि ४२१५. जमेच्या बाजूला ००३० मुद्रांक व नोंदणी शुल्क, ००३९ राज्य उत्पादन शुल्क, ०००६ राज्य वस्तू व सेवा कर. २०४९ व्याज आणि २०७१ निवृत्तिवेतन. ही दहा-बारा शीर्षे पाठ झाली की पुस्तक परके वाटत नाही.

नवख्यांची फसगत होते ती बाब एकापेक्षा जास्त मागण्यांत विखुरलेली असते म्हणून. महाराष्ट्रात २२१० हे शीर्ष सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ‘आर’ मागण्यांत आहे आणि वैद्यकीय शिक्षण विभागाच्या ‘एस’ मागण्यांतही आहे. आदिवासी उपयोजनेचा भाग आदिवासी विकास विभागाकडे असतो. फक्त ‘आर’ची बेरीज करून ‘राज्याचा आरोग्यखर्च’ म्हटले तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये गळतात. यावर सोपा उपाय आहे. महालेखापाल तयार करतात आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांमार्फत विधिमंडळात मांडले जातात ते ‘वित्त लेखे’ पाहा. तिथे प्रधान शीर्षाची सर्व विभागांतली एकत्र रक्कम मिळते. तरतूद आणि खर्चाची मागणीवार तुलना हवी असेल तर त्याच्या जोडीचे ‘विनियोजन लेखे’ उघडा. हे दोन्ही लेखे वर्ष संपल्यानंतर बऱ्याच महिन्यांनी येतात, पण आकडे पक्के असतात.

चालू वर्षासाठी नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्याच संकेतस्थळावर राज्यांचे मासिक प्रमुख निर्देशांक मिळतात. ते लेखापरीक्षण न झालेले असतात आणि एप्रिलपासूनचे एकूण दाखवतात. ऑक्टोबरचा एकट्याचा खर्च हवा असेल तर ऑक्टोबरअखेरच्या आकड्यातून सप्टेंबरअखेरचा वजा करा. आणि ऑक्टोबरची तुलना सप्टेंबरशी करू नका, गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरशी करा. सरकारी खर्च वर्षभर सारखा होत नसतो. मार्चमधला डोंगर दरवर्षीचाच आहे.

राज्याच्या ‘बीम्स’ या निधी वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर तरतूद, वितरित निधी आणि खर्च असे वेगळे आकडे दिसतात. ‘निधी वितरित’ म्हणजे अधिकाऱ्याला खर्चाची मुभा मिळाली. कोषागारातून पैसा गेला असा त्याचा अर्थ होत नाही. आणि पैसा गेला म्हणजे काम झाले असेही नाही. जिल्हा परिषदेला किंवा महामंडळाला दिलेले सहायक अनुदान राज्याच्या वहीत दिल्या दिवशीच खर्च म्हणून लागते, मग ते पुढे वर्षभर त्यांच्या खात्यात पडून का असेना. लेखाशीर्षाच्या शेवटी पैसा कशासाठी दिला ते सांगणारे उद्दिष्ट शीर्ष असते. त्यातली ३१ आणि ३६ ही सहायक अनुदानाची आहेत. ३६ वेतनासाठी, ३१ वेतनेतर. त्यांवर मोठी रक्कम दिसली की समजा, खरा हिशेब दुसऱ्या संस्थेच्या वहीत शोधायचा आहे.

सगळ्या राज्यांची तुलना करायची असेल तर दहा राज्यांची पुस्तके चाळत बसू नका. रिझर्व्ह बँक राज्यांच्या अर्थसंकल्पांचा अभ्यास दरवर्षी प्रसिद्ध करते, आणि राज्यांविषयीची सांख्यिकी पुस्तिकाही. तक्ते एक्सेलमध्ये उतरवता येतात. प्रत्येक वर्षापुढे तो आकडा प्रत्यक्षाचा, सुधारित की अंदाजाचा हे लिहिलेले असते. ती खूण तुमच्या तक्त्यात उतरवायला विसरू नका.

महापालिका आणि नगरपरिषदा

शहरांची माहिती विस्कळीत असते, म्हणून इथे जास्त सावध राहा. केंद्राच्या गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाच्या ‘सिटी फायनान्स’ संकेतस्थळावर नागरी संस्थांची वार्षिक वित्तीय विवरणपत्रे आहेत. त्यांवर लेखापरीक्षित की अलेखापरीक्षित हे लिहिलेले असते. दोन्ही एका मालिकेत मिसळू नका. महापालिकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर लेखा विभागाच्या पानावर अंदाजपत्रके मिळतात, आणि त्यांतही मागच्या वर्षांच्या प्रत्यक्ष रकमांचा रकाना असतो.

मुंबईत एकच अंदाजपत्रक नसते. अ, ब, ई, ग असे भाग असतात. ई शिक्षणाचा, ग पाणीपुरवठा व मलनिःसारणाचा. एका भागातून दुसऱ्या भागात रक्कम वर्ग होते. सगळ्या भागांची नुसती बेरीज केली तर तोच रुपया दोनदा मोजला जातो. एकत्रित गोषवाऱ्यात अंतर्गत हस्तांतरण वजा केले आहे का ते आधी तपासा.

शहराची तब्येत पाहायला चार गुणोत्तरे पुरतात. एकूण महसुली उत्पन्नात स्वतःच्या उत्पन्नाचा, म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, विकास शुल्क यांचा, वाटा किती. महसुली उत्पन्नात आस्थापना (मुख्यतः कर्मचाऱ्यांचा) खर्च किती. एकूण खर्चात भांडवली खर्च किती. आणि मालमत्ता कराच्या मागणीच्या तुलनेत वसुली किती.

शेवटचे गुणोत्तर सर्वांत उपयोगी आणि सर्वांत जास्त चुकणारे आहे. चालू मागणी आणि थकबाकी वेगळी काढा. चालू वसुली भागिले चालू मागणी हा कार्यक्षमतेचा आकडा. अभय योजनेच्या (थकबाकीवरच्या दंडात सूट देण्याच्या) वर्षी थकबाकीची वसुली एकदम वाढते आणि एकूण वसुली विक्रमी दिसते. पुढच्या वर्षी ती पडते. यात कारभार सुधारल्याचे किंवा बिघडल्याचे काही नसते. उलट बाजूने, थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) लागत राहिल्याने थकबाकीचा आकडा फुगत जातो. त्यात न्यायालयात अडकलेल्या आणि कधीच वसूल न होणाऱ्या रकमाही असतात. मूळ कर आणि शास्ती वेगळी मागितल्याशिवाय ‘इतके कोटी थकले’ या वाक्यातून फारसे काही हाती लागत नाही.

२०१७-१८ च्या आसपास महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या उत्पन्नात एक मोठी भेग आहे. स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकातही (शहरात येणाऱ्या मालावरचा कर) गेली. त्याबदली राज्य नुकसानभरपाई देते. जो पैसा आधी ‘स्वतःचा कर’ होता तो आता ‘अनुदान’ या सदरात दिसतो. हे ठाऊक नसेल तर पालिका अचानक परावलंबी झाली असा निष्कर्ष निघतो. शहर तेच, व्यापार तोच, सदर बदलले. मालिका काढताना दोन्ही रकमा ‘जकात, स्थानिक संस्था कर व त्यांची भरपाई’ अशा एका ओळीत ठेवा आणि स्वतःचे उत्पन्न त्याच्यासह व त्याच्याशिवाय असे दोनदा मोजा.

ग्रामपंचायत

एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असे निवडत गेले की गावाचा विकास आराखडा, मंजूर कामे आणि खर्च दिसतो. वित्त आयोगाच्या निधीचा व्यवहार तिथे सर्वांत भरवशाने सापडतो. घरपट्टी-पाणीपट्टीचा स्वनिधी पूर्ण दिसेल असे मात्र धरून चालू नका. त्यासाठी ग्रामपंचायतीचे नमुने पाहावे लागतात: नमुना १ अंदाजपत्रकाचा, ५ रोकड वहीचा, ८ कर आकारणीचा, ९ मागणीचा, १० कराच्या पावतीचा. नमुना ९ मधली मागणी आणि वर्षभरातली वसुली यांतून वसुलीचे प्रमाण निघते.

वित्त आयोगाच्या निधीची मालिका काढताना आयोग बदलला की ओळ तोडा. १४ व्या आयोगाचा पैसा फक्त ग्रामपंचायतींना होता. १५ व्या आयोगाने तो पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेलाही दिला. २०२१-२६ साठी ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित व ४० टक्के अबंधित होता. त्याआधी २०२०-२१ मध्ये हे प्रमाण निम्मे-निम्मे होते. म्हणून ‘गावाने रस्त्यावरचा खर्च कमी केला’ असे लिहिण्याआधी अबंधित निधीच किती आला ते पाहा. निवडून आलेले सदस्य मंडळ नसले की हा निधी अडतो. २०२२ नंतर राज्यात कितीतरी स्थानिक संस्थांवर प्रशासक होते. त्या काळातली घट वाचताना निवडणुकीची तारीख शेजारच्या रकान्यात हवीच.

एक सल्ला. गावाच्या आकड्यांबद्दल शंका आली तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) थेट कागदच घेऊन जा, आणि तो कागद ग्रामसभेतही ठेवा. लेखी आकडा समोर असला की चर्चा मुद्द्यावर राहते.

आकडे तक्त्यात उतरवताना

एका ओळीत एकच आकडा, ही शिस्त ठेवा. रकाने असे: संस्था, संस्थेचा कोड, आर्थिक वर्ष, लेखाशीर्ष किंवा बाब, टप्पा (अंदाज, सुधारित की प्रत्यक्ष), रक्कम रुपयांत, दस्तऐवजाचे नाव, पान क्रमांक, उतरवल्याची तारीख, शेरा. पान क्रमांकाचा रकाना लोक गाळतात आणि सहा महिन्यांनी कुणी प्रश्न विचारला की अडकतात. मूळ पीडीएफ आपल्या संगणकावर जपून ठेवा. सरकारी संकेतस्थळे नवी होतात तेव्हा जुने दुवे मरतात. शासन निर्णयाचा संगणक संकेतांक लिहून घ्या. त्याचे पहिले आठ अंक तारखेचे असतात, त्यामुळे पुढे शोधणे सोपे जाते.

मग तांत्रिक अडचणी येतात. त्या किरकोळ वाटतात, पण चुकांची निम्मी भरती तिथूनच होते.

देवनागरी अंक बऱ्याच वेळा तक्त्याला मजकूर वाटतात आणि बेरीज शून्य येते. ० ते ९ असे दहा वेळा ‘शोधा आणि बदला’ चालवा. जुन्या पीडीएफमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसतो. नक्कल केली की अगम्य अक्षरे येतात. अशा वेळी पानाचे चित्र करून त्यातून अक्षरओळख करावी लागते. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी वाचते, पण ३ आणि ६, १ आणि ९ यांत गफलत करते. म्हणून प्रत्येक पानावरची छापील बेरीज तुमच्या बेरजेशी जुळवा; जुळली नाही तर पुढच्या पानावर जाऊ नका. मजकूर निवडता येतो अशा पीडीएफमधून तक्ते काढायला टॅब्युला हे साधन चांगले.

००३० हे शीर्ष एक्सेल ३० करून टाकते. कोडचा रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवा. सीएसव्ही फाइल दुहेरी क्लिकने उघडली तर मराठी नावे बिघडतात. ‘डेटा’ मेनूतून आयात करून यूटीएफ-८ निवडा. ठिपके म्हणजे शून्य, पण रिकामा चौकोन म्हणजे शून्य असेलच असे नाही. कंसातली किंवा वजा चिन्हाची रक्कम बहुधा वसुली असते. ती वजाच ठेवा.

आणि एकक! मागण्यांच्या पुस्तकात रकमा हजारांत, गोषवाऱ्यात कोटींत, पालिकेच्या पुस्तकात कधी लाखांत. पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘रुपये हजारात’ लिहिलेले असते. तिथे नजर गेल्याशिवाय एकही आकडा टिपू नका. सगळे रुपयांत आणून ठेवा, लिहिताना हवे तर कोटी करा.

महागाई, लोकसंख्या, सीमा

समजा एका नगरपरिषदेचा पाणीपुरवठ्यावरचा प्रत्यक्ष खर्च २०१९-२० मध्ये ४ कोटी होता आणि २०२४-२५ मध्ये ५ कोटी २० लाख झाला. वाढ ३० टक्के. याच काळात अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकाची वार्षिक सरासरी, २०१२ = १०० धरून, सुमारे १४६.३ वरून १९२.६ वर गेली. ५.२० ला १४६.३ ने गुणून १९२.६ ने भागा: सुमारे ३ कोटी ९५ लाख. म्हणजे २०१९-२० च्या किमतींत खर्च किंचित घटला. आता समजा गावाची लोकसंख्या ६० हजारांची ६६ हजार झाली. दरडोई खर्च ६६७ रुपयांवरून सुमारे ५९८ वर आला, म्हणजे १० टक्क्यांनी कमी. ‘३० टक्के वाढ’ आणि ‘१० टक्के घट’, दोन्ही एकाच वहीतून. निर्देशांकाचे आधारवर्ष बदलते तेव्हा जुनी आणि नवी मालिका सरळ जोडू नका. सांख्यिकी मंत्रालय देते तो जोडगुणक वापरा.

लोकसंख्येचे दुखणे असे की शेवटची उपलब्ध जनगणना २०११ ची. राज्यासाठी २०११ ते २०३६ चे अधिकृत अंदाज आहेत. त्यांतला वर्षवार आकडा घ्या. तालुका किंवा गावासाठी तसे नाहीत. तिथे २०११ चीच संख्या सर्व वर्षांना वापरा आणि तसे स्पष्ट लिहा, किंवा दरडोई मोजमापच टाळून दर घरामागे किंवा दर नळजोडणीमागे हिशेब करा. मनाने वाढीचा दर धरण्यापेक्षा ते बरे.

सीमा बदलल्या की मालिका फसवते. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला; त्याआधीचा ठाणे जिल्हा परिषदेचा आकडा दोन जिल्ह्यांचा आहे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्यानंतर मालमत्तांची संख्या वाढली त्यात वसुली विभागाचे कर्तृत्व शोधू नका. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, त्यामुळे एकच जिल्हा दोन नावांनी दोन ओळींत येतो. नावावर तक्ते जोडू नका. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायतीला कोड आहे; त्यावर जोडा.

मोजण्याची पद्धत बदलल्यानेही अशाच भेगा पडतात. २०१४-१५ पासून केंद्रीय योजनांचा बराच पैसा योजना राबवणाऱ्या सोसायट्यांकडे थेट न जाता राज्याच्या अर्थसंकल्पातून येऊ लागला, त्यामुळे त्या वर्षी राज्याचा आरोग्यखर्च फुगलेला दिसतो. २०१७-१८ पासून योजना आणि योजनेतर ही विभागणी संपली. शाळांच्या ‘यू-डायस प्लस’ माहितीत २०२२-२३ पासून विद्यार्थीनिहाय नोंद सुरू झाली. दुबार नावे गळल्याने पटसंख्या घटली, आणि आधीच्या वर्षांशी सरळ तुलना करू नये असे शिक्षण मंत्रालयानेच म्हटले आहे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची आणि पुढचे तीन महिने २ टक्क्यांची सवलत होती. त्या काळातली दस्तनोंदणी घरबाजाराचा नेहमीचा कल दाखवत नाही. तक्त्यावर अशा वर्षांपाशी उभी रेघ मारून ठेवा.

खर्चासमोर परिणामही ठेवायचा असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हावार पत्रिका, यू-डायस आणि राज्याची आर्थिक पाहणी कामी येते. पण सर्वेक्षण हे नमुन्यावर चालते. जिल्ह्याच्या टक्केवारीतला दोन-तीन गुणांचा फरक नमुन्याच्या चुकीत मोडू शकतो, आणि तालुक्याचे चित्र त्यातून काढताच येत नाही.

जे खुले नाही ते मागताना

माहितीच्या अधिकाराच्या कलम ४ खाली बरीच माहिती आधीच जाहीर असायला हवी. अर्जापूर्वी संकेतस्थळावर ती शोधा. अर्जाचे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘पाणीपुरवठ्याचा सर्व खर्च द्या’ अशा मागणीवर ‘माहिती व्यापक आहे’ असे उत्तर येते. त्याऐवजी लिहा: ‘२०१८-१९ ते २०२४-२५ या सात आर्थिक वर्षांसाठी मालमत्ता कराची चालू मागणी, थकबाकीची मागणी, चालू वसुली, थकबाकीची वसुली आणि शास्ती यांची वर्षनिहाय रक्कम, उपलब्ध असल्यास एक्सेल स्वरूपात.’ कार्यालयाच्या नोंदीत ज्या नावाने बाब आहे तेच नाव वापरा. मत किंवा कारण विचारू नका; कायदा नोंदी देतो, खुलासे देत नाही. उत्तर न आल्यास मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील करा.

निष्कर्ष प्रसिद्ध करण्याआधी तुमचा तक्ता त्या संस्थेच्या लेखा विभागाला दाखवा आणि आठवडाभर थांबा. मुख्य लेखापालाला जी भेग एका नजरेत दिसते ती बाहेरच्याला महिनाभर दिसत नाही. मग लिहिताना प्रत्येक आकड्यासोबत वर्ष, टप्पा आणि किंमत चालू की स्थिर हे त्याच वाक्यात ठेवा: ‘२०१९-२० च्या किमतींत, प्रत्यक्ष खर्चावरून’. शीर्षकात जागा नसेल तर पहिल्या परिच्छेदात. चूक कळली तर दुरुस्ती तक्त्यातच, जुना आकडा शेऱ्यात ठेवून करा, म्हणजे ज्यांनी आधीचा आकडा उचलला आहे त्यांना काय बदलले ते सापडेल.